थायलंडला जाताना पैशांचं कसं करायचं

प्रिय आई-बाबा,

बाबा, तिथल्या एटीएममधून लागतील तसे दोन-दोन हजार बाट (थायलंडचं चलन) काढायचा बेत तेवढा सोडून द्या. सगळी रक्कम अंगावर बाळगायची नाही हा तुमचा विचार सातारच्या स्टँडजवळच्या एटीएमपुरता बरोबर आहे. थायलंडमध्ये मात्र परदेशी कार्ड लावलं की तिथली बँक दर खेपेला साधारण २२० बाट घेते, काही ठिकाणी थोडे जास्तच. तुम्ही दोन हजार काढा नाहीतर वीस हजार, ते २२० ठरलेले. म्हणजे दोन हजारांवर अकरा टक्के गेले आणि वीस हजारांवर जेमतेम एक टक्का. फोनवर आकडे नीट पोहोचत नाहीत, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या, म्हणजे मोबाइलवर डोळे ताणावे लागणार नाहीत.

हे २२० बाट निदान दिसतात तरी. यंत्र आधी विचारतं, तुम्ही हो म्हणता, मग ते कापले जातात. बाकीचा खर्च इकडे आपल्या बँकेत होतो आणि तो पासबुकात वेगळा सहजी कळत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड बाटचे रुपये करतात तो दर बाजारभावाच्या जवळपास असतो. त्यावर आपली बँक स्वतःचा मार्कअप, म्हणजे चलन बदलल्याचा वरचा आकार, लावते, साध्या डेबिट कार्डावर बहुधा साडेतीन टक्के. त्या मार्कअपवर अठरा टक्के जीएसटी. शिवाय परदेशात पैसे काढल्याचे दर वेळी सव्वाशेच्या आसपास रुपये, त्यावरही जीएसटी.

बाबा, तुम्हाला हिशेब मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून मांडते. सोयीसाठी एक बाट म्हणजे २ रुपये ७० पैसे धरू. दहा हजार बाट म्हणजे २७,००० रुपये. एकाच वेळी काढले तर यंत्राचे २२० बाट म्हणजे ५९४ रुपये, मार्कअप ९६६, त्यावर जीएसटी १७४, आणि बँकेचे १२५ जीएसटी धरून १४८. एकूण १,८८२ रुपये वरखर्च. आता तेच दहा हजार दोन-दोन हजार करून पाच वेळा काढा. यंत्राचेच २,९७० होतात, बँकेचे ७३८, मार्कअप आणि जीएसटी मिळून १,२३८. बेरीज ४,९४६ रुपये. कार्ड तेच, पैसे तेच, फक्त खेपा वाढल्या आणि तीन हजार रुपये जास्त गेले. त्या पैशांत तुम्हा दोघांचं बँकॉकच्या ग्रँड पॅलेसचं तिकीट निघतं. ते माणशी ५०० बाट आहे, आणि महाग आहे म्हणून बाहेरूनच बघून परत यायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता कार्ड कोणतं न्यायचं. क्रेडिट कार्डावर रोख काढू नका. अगदीच अडल्याशिवाय नाहीच. दुकानात कार्ड वापरलं की बिल भरायला मुदत मिळते, तशी रोख काढल्यावर मिळत नाही. व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं, तेही महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आधी अडीच-तीन टक्के काढणावळ आणि तिला किमान रकमेची अट. वर परकीय चलनाचा मार्कअप आहेच. हॉटेलच्या काउंटरवर ते कार्ड खुशाल द्या, एटीएममध्ये घालू नका.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड, बाबांना आवडतंय, कारण भाव आधीच ठरतो आणि बचत खात्याला हात लागत नाही. हे दोन्ही फायदे खरे आहेत. पण त्यात बाट भरून मिळतात का, हे पहिल्यांदा विचारा. डॉलर भरलेल्या कार्डातून बाट काढले तर पुन्हा चलनबदल होतो आणि त्याचे दोन ते साडेतीन टक्के वेगळे लागतात. "आमचं कार्ड जगभर चालतं," असं काउंटरवर सांगतील. चालतं, पण कितीला चालतं ते दरपत्रकात बघायचं. ते ज्या भावाने बाट विकतात तो त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा किती वर आहे, हेही बघा, कारण त्यांचा नफा तिथेच असतो. या भावात घासाघीस करता येते, आणि ते काम तुमच्याइतकं चांगलं आपल्या घरात कुणाला जमत नाही. परत आल्यावर उरलेले बाट ते कमी भावाने विकत घेतात, म्हणून भीतीपोटी जास्त भरून ठेवू नका.

मला सगळ्यात योग्य वाटतं ते मार्कअप शून्य असलेलं डेबिट कार्ड. गेल्या काही वर्षांत अशी कार्डं मिळू लागली आहेत. वरच्या हिशेबात यंत्राचे ५९४ सोडले तर बाकीचं जवळजवळ सगळं पुसलं जातं. मात्र "शून्य" हा शब्द जाहिरातीत कशाला लावलाय ते वाचायला हवं. कुठे खरेदीवर शून्य असतं आणि रोख काढण्यावर नसतं, कुठे महिन्यातून ठराविक वेळाच सवलत असते. तुमच्यासाठी घेऊ त्या कार्डाच्या अटी मी स्वतः शेवटपर्यंत वाचणार आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ही दोघांनीही नीट लक्षात ठेवा. यंत्र शेवटी विचारेल की पैसे रुपयांत वळते करायचे का. पडद्यावर रुपयांचा आकडा दिसेल, ओळखीचा वाटेल आणि हात आपोआप होकाराकडे जाईल. तिथे नाही म्हणायचं. होकार दिला की भाव त्या यंत्रवाल्याचा लागतो आणि तो बाजारभावापेक्षा बराच वाईट असतो. समजा सहा टक्क्यांनी वाईट निघाला, तर वरच्या उदाहरणात आणखी सोळाशेच्या वर रुपये गेले, आणि काही बँका त्यावरही आपला आकार लावतातच. नकाराचं बटण बहुधा असं लिहिलेलं असतं की व्यवहारच रद्द होईल अशी धास्ती वाटावी. तो रद्द होत नाही, पैसे बाटच्या हिशेबाने बाहेर येतात. दुकानात कार्ड दिल्यावर विचारलं, तरी उत्तर हेच: बाट.

आई, आता तुझ्याशी बोलते. तुझ्या पेन्शनच्या खात्याचं कार्ड कपाटाच्या लॉकरमध्ये असतं आणि पैसे बाबा काढून आणतात. या वेळी ते कार्ड तुझ्या पर्समध्ये असायला हवं आणि पिन तुझ्या डोक्यात. परक्या देशात एकाच माणसाच्या एकाच पाकिटात सगळं ठेवणं मला नको वाटतं. एखादं कार्ड अडकलं, बँकेने संशयावरून थांबवलं, तर दुसरं लगेच हाताशी हवं, तेही वेगळ्या बँकेचं आणि वेगळ्या माणसाकडे. तू चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलास, चार बटणं दाबणं तुला मुळीच अवघड नाही. जाण्याआधी राजवाड्याजवळच्या एटीएमवर दोन-तीनदा स्वतः पैसे काढ. बाबांनी बाहेर उभं राहायचं.

तिथली काही यंत्रं आधी पैसे देतात आणि कार्ड नंतर सोडतात. नोटा हातात आल्या की माणूस निघतो आणि कार्ड आतच राहतं. म्हणून कार्ड पर्समध्ये गेल्याशिवाय नोटा मोजायच्या नाहीत. शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेलं यंत्र वापरा, तेही शाखा उघडी असताना, म्हणजे काही अडलं तर आत जाऊन विचारता येतं. पैसे न येता खात्यातून गेले असं वाटलं, तर पावती आणि वेळ जपून ठेवा आणि मला फोन करा, तक्रार आपल्या बँकेकडे मी करीन.

निघण्याआधी कार्डं परदेशासाठी चालू करावी लागतील. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठीच चालू करून मिळतात, परदेशातला वापर आपण सांगून सुरू करायचा असतो. ॲपमध्ये एटीएम, दुकान आणि ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात. आपण पहिली दोनच चालू करू, रोजची मर्यादाही ठरवू आणि परत आलात की सगळं बंद.

सगळी भिस्त कार्डावरही नको. थोडे डॉलर नोटांत घेऊन जा, शंभराच्या, कोऱ्या, न दुमडलेल्या. बँकॉकमध्ये मोठ्या नोटांना भाव चांगला मिळतो आणि फाटकी किंवा शिक्का पडलेली नोट घेत नाहीत. विमानतळावर बाहेर पडताच जे काउंटर लागतात, तिथे घाई करू नका. तळमजल्याखाली रेल्वेच्या स्टेशनाजवळ जी चलन बदलणारी दुकानं आहेत, त्यांचा भाव बहुतेक वेळा बराच चांगला असतो. ऑफिसच्या कामाने जाते तेव्हा मी तिथेच बदलते. दुकानोदुकानी क्यूआर कोड दिसतील, ते प्रॉम्प्टपेचे, म्हणजे थाई लोकांच्या यूपीआयसारख्या सोयीचे असतात. आपलं यूपीआय तिथे चालेल असं धरून चालू नका.

चिआंग माईला तुम्ही लोय क्राथोंगच्या दिवसांत असाल. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारासच तिथे नदीत दिवे सोडतात. तेव्हा गर्दी खूप असते, आणि फुलांचे द्रोण, खाऊच्या गाड्या, लाल साँगथाव (तिथल्या शेअर टॅक्सी) या सगळ्यांना रोखच लागते. म्हणून आदल्या दिवशीच एकदा पुरेसे पैसे काढून ठेवा, अर्धे आईकडे, अर्धे बाबांकडे. आणि ते खर्च करा. आमच्या फीसाठी तुम्ही किती सहली पुढे ढकलल्या ते मला आणि दादाला माहीत आहे. मी हे सगळं मांडलंय ते बँकेला जाणारे पैसे वाचावेत म्हणून. तुमच्या जेवणातले, बोटीतल्या फेरीतले, आईला आवडेल त्या रेशमातले वाचवायचे नाहीत.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. दोघांची कार्डं, पासबुकं आणि पासपोर्ट काढून ठेवा. नव्या कार्डाचा अर्ज दुपारपर्यंत करून टाकू, कारण ते पोस्टाने यायला वेळ लागतो.

तुमची,
मनू