कम्युनिटी कॉलेजचं नाव सांगायला लाजू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या मोठमोठ्या युनिव्हर्सिटीत आपली मुलं लागली की पेपरात बातमी येते, वाचून छानच वाटतं, पण ज्यांच्या मुलांचं हायस्कूल खराब गेलंय त्या घरांसाठी कोणी काही लिहीत नाही म्हणून हे पत्र. आम्ही कॅलिफोर्नियात असतो. माझ्या मुलाला टेन्थ ग्रेडला अल्जेब्रात डी आला, पुढच्या वर्षी केमिस्ट्रीत पण डी, आणि शाळेतल्या काउन्सेलरने तोंडावर सांगितलं की यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) विचार सोडा. थेट अ‍ॅडमिशन मिळणार नव्हती हे खरंय, पण आधी कम्युनिटी कॉलेजात शिकून मग यूसीत जायचा, म्हणजे ट्रान्सफरचा, रस्ता आहे हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, ते मार्क न बघता घेतं, इथल्या रहिवाशांना युनिटला (म्हणजे क्रेडिटला) 46 डॉलर फी. तिथे 60 सेमिस्टर युनिट करून ज्युनियर म्हणून, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, यूसीला अर्ज केला की हायस्कूलचे ग्रेड धरतच नाहीत, कॉलेजात काय केलं तेवढंच बघतात. यूसीच्या डेव्हिस, अर्वाईन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड, मर्सेड यातल्या एका कॅम्पससाठी तर टॅग म्हणून लेखी हमी मिळते, अटी पाळल्या तर. सगळ्या मेजर्सना (मुख्य विषयांना) नाही, आणि बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोला ती नाही, तिथे स्पर्धाच. प्रायव्हेटवाले बरेच जण हायस्कूलचं ट्रान्सक्रिप्ट मागतात पण कॉलेजचे क्रेडिट जास्त असतील तर त्याचं वजन कमी होतं. प्रिन्स्टनने कित्येक वर्षं बंद ठेवलेले ट्रान्सफर 2018 ला परत सुरू केले.

पण हे सोपं नाहीये हो. कुठला विषय कुठे चालतो हे असिस्टच्या वेबसाइटवर बघावं लागतं, मुलाने ती यादी कपाटाच्या दारावर चिकटवली होती, एकेक विषय झाला की लाल पेनने खूण. फिजिक्सचा क्लास फुल झाला तर दुसऱ्या गावच्या कॉलेजात रात्रीचा घेतला, मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचे. डी किंवा एफ आला तर विषय परत घेता येतो, पण सी आला तर तोच राहतो, हे पहिल्याच सेमिस्टरला माहीत असायला हवं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. नातेवाईकांचा फोन आला की मी नुसतं "कॉलेजला जातो" म्हणायचे आणि विषय बदलायचे. एकदा फोन ठेवला आणि हा दारात उभा. म्हणाला, आई, तू माझ्या कॉलेजचं नाव का घेत नाहीस गं? मला उत्तर देता आलं नाही, त्याने अभ्यास तर तेव्हा शाळेपेक्षा दुप्पट चालवला होता. त्यानंतर मी नाव घ्यायला लागले, आणि एका मैत्रिणीने हळूच विचारलं की तिच्या मुलीलाही असंच पाठवायचंय, माहिती देशील का. तिनेही इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

माझा मुलगा आता डेव्हिसला आहे. तुम्ही अ‍ॅडमिशनची माहिती छापता त्यात ट्रान्सफरच्या तारखाही द्या ही विनंती, कारण टॅगचा फॉर्म सप्टेंबरमध्येच भरायचा असतो आणि आम्हाला ते ऑगस्ट संपता संपता कळलं.

आपली,
एक वाचक, कॅलिफोर्निया