फोन टाकून दे म्हणता, पण रात्रीची नोटीस तेवढी थांबवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सेकंड पीयूसी सायन्सला म्हणजे बारावीला आहे, येळ्ळूर भागातून रोज बसनं बेळगावला कॉलेजला येते. आजकालची पोरं मोबाईलच्या आहारी गेली अशी पत्रं पेपरात बऱ्याचदा येतात, पप्पा ती मला मोठ्यानं वाचून दाखवतात आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काहीच नसतं. पण ती सगळी बाहेरनं बघून लिहिलेली असतात, म्हणून म्हटलं जिच्या हातात फोन होता तिनं पण एकदा लिहावं.

माझी सुरुवात सातवीत झाली. २०२० चा लॉकडाऊन, शाळा बंद, क्लास ऑनलाईन. पप्पा उद्यमबागला फौंड्रीत कामाला, तेव्हा त्यांचं काम पण नीट चालू नव्हतं तरी त्यांनी हप्त्यावर फोन घेतला. घरात रेंज यायची नाही म्हणून मी आणि धाकटा भाऊ टेरेसवर टाकीच्या सावलीत बसायचो, क्लास संपायचा पण फोन हातातच राहायचा. त्याच वर्षी जूनमध्ये टिकटॉक बंद झालं आणि जुलैत रील्स आले, एक गेलं म्हणेपर्यंत दुसरं हजर. पुढं शाळा भरल्या, सगळं पहिल्यासारखं झालं, फोन तेवढा कुणी परत घेतला नाही.

ऑगस्टमध्ये टेस्टला फिजिक्समध्ये जेमतेम पास झाले. त्या रात्री मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल वेलबीइंग उघडून बघितलं, तोपर्यंत कधीच बघितलं नव्हतं. ६ तास ४० मिनिटं एका दिवसाचे, आणि तो कॉलेजचा दिवस होता, रविवार पण नव्हता. १४३ वेळा फोन अनलॉक केला होता. त्यातल्या एका वेळेला तरी कशासाठी उघडलास म्हणून कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मी आईला दाखवलं, ती काही बोलली नाही, नुसतं ताट वाढलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आता कुणी म्हणेल मग फोन देऊन टाक आणि कीपॅडवाला घे. मी पण तेच म्हणत होते. पण आमच्यासारख्यांची अडचण वेगळी आहे ती जरा समजून घ्या. मी दहावीपर्यंत मराठी मीडियम. पीयूसी सायन्सला सगळं इंग्लिशमध्ये, आणि वर्गात सर मध्येच समजावून सांगतात ते कन्नडमध्ये. दहावीला जो 'रोध' होता तो इथं 'रेझिस्टन्स' झाला, हा शब्द सोपाच आहे, पण असे शंभर शब्द एका महिन्यात बदलले की डोकं चालत नाही, आणि शेजारच्या मुलीला किती वेळा विचारणार. म्हणून घरी येऊन यूट्यूबवर मराठी नाहीतर हिंदीत तोच चॅप्टर लावायचा, तेव्हा कुठं कळतं. गावातल्या कित्येक पोरांचा ट्यूशन मास्तर म्हणजे हा फोनच आहे. आणि धडा संपला की त्याच पडद्यावर खाली दुसरं काहीतरी आपोआप सुरू होतं, करंटचा व्हिडिओ बघायला साडेसातला बसलेली मी साडेनऊला कुणाच्या तरी लग्नातला नाच बघत असायचे.

मी आधी इन्स्टाग्राम डिलीट केलं, तीनदा केलं आणि तीनदा परत घातलं. टायमर लावला तर वेळ संपली म्हणून येतं आणि खालीच बंद करायचं बटण असतं. स्क्रीन ब्लॅक अँड व्हाईट करून बघितली, त्यानं थोडा फरक पडला, पण थोडाच. मला वाटायचं माझ्यातच दम नाही. नंतर कळलं की हे बोट वर सरकवत राहायचं आणि पान कधी संपतच नाही, ती पद्धत आझा रास्किन नावाच्या एका डिझायनरनं २००६ मध्ये काढली आणि पुढं त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला. पूर्वी पान संपलं की थांबायची एक जागा तरी मिळायची, तीच जागा काढून टाकलीय. हे वाचल्यावर माझी लाज जरा कमी झाली आणि मी मनाशी भांडायचं सोडून घरातल्या वस्तूंच्या जागा बदलायला लागले.

पहिलं म्हणजे खडेबाजारात जाऊन गजराचं घड्याळ आणलं, १८० रुपयांचं. हसू नका, पण सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला. आधी गजर फोनमध्ये, म्हणजे डोळे उघडायच्या आधी फोन हातात, गजर बंद करता करता पाऊण तास गेलेला असायचा. आता ते घड्याळ किणकिण करून सगळ्या घराला उठवतं आणि बंद करायला मला चालत कपाटापर्यंत जावं लागतं. फोन रात्री नऊला आज्जीच्या पत्र्याच्या ट्रंकेत जातो, तिच्या इरकली लुगड्यांच्या मध्ये, आणि किल्ली तिच्या कनवटीला. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. झोप यायची नाही, उशीखाली हात जायचा, एका रात्री मी तिच्याकडं किल्ली मागितली तर म्हणाली, "आता तरी झोप की गे, किती बघूलालीस त्यात, डोळे बघ जरा आरशात." किल्ली दिली नाही. मी रडले पण.

अभ्यासाचे व्हिडिओ आता मी संध्याकाळी वहीत आधी लिहून काढते, कुठला चॅप्टर, कुठला प्रश्न, तेवढे डाउनलोड करते आणि नेट बंद करून बघते. नेट बंद असलं की व्हिडिओ संपल्यावर खरंच संपतो.

बसचं मात्र अवघड होतं. सीबीटीपर्यंतचा म्हणजे बेळगावच्या मुख्य बस स्टँडपर्यंतचा वेळ, सगळ्यांच्या माना खाली, हात आपोआप बॅगेच्या पुढच्या कप्प्याकडं जायचा, चेन अर्धी उघडल्यावर माझ्या लक्षात यायचं. मग मी शहरातल्या सार्वजनिक वाचनालयाची मेंबर झाले, १८४८ पासूनचं आहे ते, इतकं जुनं वाचनालय आपल्या गावात आहे हे मला कॉलेजला आल्यावर कळलं. पुस्तक त्याच पुढच्या कप्प्यात ठेवते आणि फोन खाली डब्याच्या पण खाली. हात अजूनही जातो, पण पुस्तकाला लागतो. नोव्हेंबरमध्ये सुगी होती, रविवारी भात कापायला शेतात जायचे, तिथं तर फोनची आठवणच व्हायची नाही कारण एका हातात विळा आणि दुसऱ्यात मूठ. त्या दिवशी रात्री किल्लीचा विषय पण नसायचा, जेवलं की झोप.

आता रोजचा फोन दीड-दोन तासांवर आलाय, त्यातला बराचसा अभ्यासाचा. काही दिवस घसरते, दिवाळीच्या सुट्टीत पार घसरले होते.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण पुढं आहे. गेल्या महिन्यात रात्री १० वाजून ४० मिनिटांनी कॉलेजच्या व्हॉट्सअप ग्रुपवर मेसेज पडला की उद्या सकाळी ८ ला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. माझा फोन ट्रंकेत. मी नेहमीच्या बसनं गेले, पोचेपर्यंत प्रॅक्टिकल संपत आलं होतं. "ग्रुप बघत नाहीस काय?" म्हणून सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, आणि त्याच मॅडमनी आदल्या आठवड्यात फोन कमी वापरा म्हणून आम्हाला अर्धा तास सांगितलं होतं. मॅडम चांगल्या आहेत, मनापासून शिकवतात, त्यांना पण वरून उशिरा कळलं असेल. पण माझ्या मैत्रिणीनं, जिनं माझं बघून रात्री फोन बंद ठेवायला सुरुवात केली होती, तिनं त्याच दिवशी ते सोडून दिलं. म्हणाली, परवडत नाही बाई. तिला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही.

म्हणून आपल्या पेपरमधून सगळ्या कॉलेजना विनंती आहे की उद्याचं जे काही असेल ते आज संध्याकाळी सहाच्या आत सांगा, आणि नोटीस बोर्डवर लावा, तो बोर्ड अजून भिंतीवर आहे. अगदीच तातडीचं असेल तर घरच्या नंबरवर फोन करा, पप्पा उचलतात.

दुसरी विनंती गावच्या मोठ्या माणसांना. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरात टीव्ही मोबाईल बंद ठेवतात, मोठ्यांचे पण. मला त्यातलं मोठ्यांचे पण हेच महत्त्वाचं वाटतं, कारण पोरीला अभ्यास कर म्हणून सांगून स्वतः सोफ्यावर शॉर्ट्स बघणारी घरं मी आमच्याच गल्लीत दाखवीन. आपल्याकडं भोंगा लगेच जमेल असं नाही. पण आपल्या सीमाभागात येळ्ळूर, कडोली, उचगाव, कुद्रेमानी, कुठं कुठं दरवर्षी साहित्य संमेलनं होतात, गावानं वर्गणी काढून मांडव घालतात, पुस्तकावर एवढं प्रेम करणारी गावं आहेत ही. आणि ग्रामपंचायतीची वाचनालयं आता अरिवु केंद्र (कन्नडमध्ये अरिवु म्हणजे ज्ञान) झाली आहेत. ती खोली संध्याकाळी सात ते नऊ उघडी ठेवली, लाईट आणि चार बाकडी दिली, दारात एक खोका ठेवला फोन टाकायला, तर घरात जागा नसलेल्या पोरांची फार मोठी सोय होईल. आमच्या घरात अभ्यासाची खोली आणि टीव्हीची खोली एकच आहे, बहुतेकांची तशीच आहे.

संध्याकाळी कुलूप काढायला माणूस नाही ही अडचण सांगतील हे मला माहीत आहे. आम्ही सहा जणी आहोत, सगळ्या पीयूसीच्या. किल्ली आमच्याकडं द्या, आम्ही पाळीपाळीनं उघडू, झाडू आणि नऊला बंद करून किल्ली परत नेऊन देऊ.

आपली,
एक विद्यार्थिनी,
येळ्ळूर भाग, ता. जि. बेळगाव