पखवाजासमोरच्या लाल दिव्यासाठी काकांना जाहीर थँक्यू

काका,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हां हां ठीकाय, जेवलास का" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाचावंच लागेल.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमचं कणकवलीकडचं भजन मंडळ, डबलबारीत (दोन मंडळांचा भजनाचा सामना) गजर चढला की पखवाजाचा धुम असा काय बसतो की अँप्लिफायरचा आवाज फाटतो, आणि वाजवणाऱ्याला ते कळतच नाही कारण स्पीकरची तोंडं पब्लिककडे. मला फक्त त्याच्यासमोर दोन दिवे हवे होते, लेव्हल चढायला लागली की पिवळा आणि आता बस म्हणून लाल. मी आपला मायक्रोकंट्रोलर, प्रोग्रॅम, डिस्प्ले असलं सगळं डोक्यात घेऊन काकांकडे गेलो, तर काका म्हणाले दोन दिवे पेटवायला प्रोग्रॅम कशाला रे, आठ पायांचे दोन आयसी बस झाले.

आणि मग सर्किट काढायच्या आधी तुम्ही जे विचारलंत ना, त्याचे खरे आभार. लाल म्हणजे नक्की किती व्होल्ट? माझ्याकडे उत्तरच नव्हतं. अँप्लिफायरच्या पुस्तकात तुम्हीच शोधून दाखवलंत, ०.७७५ व्होल्टला पूर्ण पॉवर, पण हा आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी, त्याला १.४१४ ने गुणा, पीक, म्हणजे लाटेचं टोक, आला साधारण १.१ व्होल्ट. तिथे लाल. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६ डीबी (डेसिबल) खाली, पिवळा. झालं, अर्धं डिझाइन तिथेच संपलं. नंतर तो तुमचा जुना सीआरओ (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून मिक्सरचा आउटपुट दाखवलात, मल्टिमीटर बिचारा कसाबसा ०.३-०.४ दाखवतोय आणि पडद्यावर पखवाजाची टोकं दीड व्होल्टच्या वर जातायत. ते बघितल्यावर पीक डिटेक्टरच (टोक पकडून ठेवणारं सर्किट) का लागतो हे मला परत कोणी समजावून सांगायची गरज नाही.

सर्किट इथे लिहून ठेवतो, कुणाला लागलं तर. मिक्सरच्या लाइन आउटला समांतर जोडायचं, आवाजाच्या वाटेत मध्ये काही घालायचं नाही. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे १० के (किलोओम) चा रेझिस्टर ग्राउंडला, म्हणजे १६ हर्ट्झच्या वरचं सगळं आत येतं. मग ४७ के मधून एलएम३५८ या ऑप-अँप आयसीच्या प्लस पायाला. आउटपुटला १एन४१४८ डायोड, डायोडच्या पलीकडून फीडबॅक मायनस पायाला, त्यामुळे डायोडचे ते ०.६ व्होल्ट खाल्ले जात नाहीत (नुसता डायोड लावला असता तर पिवळा दिवा वेळेवर पेटलाच नसता, कारण पिवळ्याची हद्दच ०.५५). तिथूनच ग्राउंडला १ मायक्रोफॅरड आणि त्याला समांतर २२० के. धुम पडला की कपॅसिटर लगेच भरतो आणि रिकामा व्हायला पाव सेकंदाच्या आसपास घेतो, म्हणून दिवा डोळ्याला दिसेल इतका टिकतो. तुम्ही आधी १० मायक्रोफॅरड लावून दाखवलात तेव्हा दिवा विझेचना, सगळा गजरभर लाल, त्याचा काय उपयोग.

एक गोष्ट मात्र मला कुठे सापडली नसती. एलएम३५८ सिंगल सप्लायवर ग्राउंडपर्यंतचा सिग्नल घेतो, पण निगेटिव्ह अर्धा भाग ०.३ व्होल्टपेक्षा खाली गेला की त्याचा आउटपुट उलटा वर उडी मारू शकतो, आणि मग सिग्नल कमी असतानाही लाल. त्यासाठी तुम्ही प्लस पायावरून ग्राउंडला एक बॅट८५ डायोड टाकलात. छोटासा काचेचा तुकडा, पण त्याच्यामुळेच सर्किट खोटं बोलत नाही.

दिव्यांसाठी एलएम३९३, दोन कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारे), पीक डिटेक्टरचा व्होल्टेज मायनस पायाला, हद्द ठरवायला प्रत्येकाला एक प्रीसेट (फिरवून बदलायचा छोटा रेझिस्टर), आउटपुट ओपन कलेक्टर, म्हणजे फक्त ग्राउंडकडे ओढणारा, म्हणून एलईडी ५ व्होल्टपासून ६८० ओममधून खाली ओढायचा. सप्लाय ७८०५ चा (स्थिर ५ व्होल्ट देणारा आयसी), कारण बॅटरी उतरली की हद्द पण उतरेल. हद्दीवर थरथर नको म्हणून आउटपुटवरून प्लस पायाला १ मेगओम, आणि प्रीसेट ते प्लस पाय यात १० के. कॅलिब्रेशनला मोबाइलवरून १०० हर्ट्झचा सूर, मल्टिमीटरवर ०.७७५ आला की लाल पेटेपर्यंत प्रीसेट फिरवा. पखवाजाला फसणारा तोच मीटर स्थिर सुराला बरोबर दाखवतो, हे पण तुमच्याचकडून.

परवाच्या बारीला अँप्लिफायर एकदाही फाटला नाही. पखवाजवाला पहिल्या अभंगापासून पिवळ्यावर खेळत होता, मुद्दाम पेटवायचा आणि हसायचा.

आता बुवांना पण त्यांच्या माइकसाठी तसलाच डबा हवाय. तिथे सिग्नल मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे आधी प्रीअँप (सिग्नल मोठा करणारं सर्किट) लागणार. मुंबईत लॅमिंग्टन रोडला (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाणारा एक जण आहे, काय काय आणायचं त्याची यादी करायला रविवारी येतोय, फणसाची भाजी असली तर उत्तम.