रापा नुईचे श्रेय तिथल्या माणसांनाच द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला ईस्टर बेटावरचा, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या रापा नुईवरचा, लेख वाचला. सिंधू संस्कृतीची माणसे त्या बेटावर पोहोचली आणि तिथली रोंगोरोंगो लिपी ही त्यांचीच देणगी, असे लेखक ठासून सांगतात. पुरावा काय, तर दोन रकान्यांत शेजारी शेजारी छापलेली दोन्ही लिपींची चिन्हे. हे रकाने मी ओळखते. १९३२ मध्ये हेवेशी नावाच्या हंगेरियन गृहस्थांनी ते पॅरिसमध्ये मांडले होते. पुढे १९३४-३५ मध्ये प्रत्यक्ष बेटावर राहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड मेत्रो यांनी ते तपासले आणि साम्य दिसावे म्हणून चिन्हांच्या आकारांत फेरफार झाल्याचे दाखवून दिले. आपल्या लेखात मेत्रोंचे नावसुद्धा नाही.

काळाचा हिशेब तरी कुणी करायचा? सिंधू लिपी इ.स.पू. १९०० च्या सुमारास वापरातून गेली. रापा नुईवर (तिथले लोक आपल्या बेटाला याच नावाने ओळखतात) माणूस कधी आला यावर वाद आहे, पण तो वेगळा वाद आहे. पूर्वी इ.स. ४०० किंवा ८०० म्हणत. २००६ मध्ये हंट आणि लिपो या पुरातत्त्वज्ञांनी बेटावरच्या अनाकेना किनाऱ्यावरील उत्खननावरून इ.स. १२०० च्या आसपासचा काळ सांगितला आणि अभ्यासकांमध्ये खडाजंगी झाली. यातला कुठलाही आकडा घेतला तरी मध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे उरतात. एवढा काळ ही लिपी कुठे होती? वाटेतल्या एकाही बेटावर तिचा मागमूस नाही. बेटाच्या बरोबर विरुद्ध बाजूला, पृथ्वीगोलावर, जैसलमेरजवळची जागा येते ही गोष्ट खरी आहे. लेखकाने तिचाही पुरावा केला आहे. हा भूगोलाचा योगायोग आहे, त्यावरून कुणी प्रवास केल्याचे सिद्ध होत नाही.

मला राग येण्याचे कारण जुने आहे. मी शाळेत शिकवत असताना एका प्रदर्शनात आमच्या आठवीच्या मुलीने पांडवलेण्यांवर तक्ता केला होता. नाशिकचीच मुलगी. सुट्टीत लेण्यांत जाऊन क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख तिने पाहिला, ब्राह्मी अक्षरे एकेक करून कागदावर उतरवली. विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे द्यायची, ही दोन हजार वर्षांपूर्वीची व्यवस्था तिला इतकी आवडली होती की घरी आजोबांना बसवून समजावून सांगत होती. परीक्षकांनी तिला विचारले, “पण ही लेणी पांडवांनी खोदली, हे का लिहिलं नाहीस?” तिने भिंतीवरच्या लेखातली नावे सांगितली. ते पुढच्या टेबलाकडे गेले. पहिला क्रमांक ज्या तक्त्याला मिळाला, त्यावर सिंधू आणि रोंगोरोंगोचे हेच दोन रकाने चिकटवले होते, एका वर्तमानपत्रातून कापून. मी हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळाले, “बाई, पेपरात छापून आलंय.” त्या मुलीने पुन्हा कधी तक्ता केला नाही. काल आपली पुरवणी उघडली आणि तेच रकाने समोर आले.

ज्यांनी काम केले त्यांची नावे दगडावर कोरलेली असतानाही आपण ती दुसऱ्याच्या खात्यावर टाकतो. रापा नुईच्या लोकांना तर तेवढाही आधार उरला नाही. डिसेंबर १८६२ पासून पेरूच्या जहाजांनी बेटावरून सुमारे दीड हजार माणसे गुलामीसाठी पळवली. लिपी जाणणारेही त्यांत गेले. परतलेल्या थोड्यांनी देवीचा रोग आणला. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसे शिल्लक होती. आज लिपीच्या जेमतेम दोन डझन वस्तू उरल्या आहेत, त्यातली एकही बेटावर नाही. रोममध्ये ठेवलेल्या एका फळीचे लाकूड युरोपीय लोक येण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीचे असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ही लिपी रापा नुईच्या लोकांनी स्वतःच घडवली असण्याची शक्यता बळावली. जगात लिपी स्वतंत्रपणे फार थोड्यांनी शोधली. तो मान आपण एका लेखात काढून सिंधूच्या पदरात टाकला. सिंधू संस्कृतीला याची काय गरज?

आश्चर्यच छापायचे होते तर खरे छापायला हवे होते. पश्चिमेकडून, दोन होड्या जोडून केलेल्या नावांतून, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधाराने आलेल्या पॉलिनेशियन (पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या) माणसांनी हे बेट वसवले. २०२४ मध्येच १५ जुन्या रापानुई माणसांच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात सुमारे दहा टक्के अंश अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा निघाला, तोही कोलंबसाच्या आधी मिसळलेला. आपण एकादशीला खातो ते रताळे, मूळ अमेरिकेचे, ते पॉलिनेशियात युरोपीय जहाजांच्या आधीच पोहोचले होते. नॉर्वेचे संशोधक थॉर हेयरडाल १९४७ मध्ये तराफ्यावरून पेरूहून निघाले ते दक्षिण अमेरिकेतल्या लोकांनी ही बेटे वसवली हे दाखवायला. ते चुकले, पण दोन किनाऱ्यांचा संबंध मात्र होता. यावर दोन पाने सहज भरली असती.

आणखी एक. आपल्याकडे चूक झाली की दुरुस्ती राशिभविष्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत येते. मुख्य लेख अर्धे पान, दुरुस्ती अर्धी ओळ. या वेळी ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर, मेत्रोंच्या तपासणीसह छापावी ही विनंती.

जागेअभावी माझे पत्र कापावे लागले तर शाळेचा परिच्छेद काढा. १८६२ चा मात्र ठेवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक