लोगोचे पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला असं नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

दिवाळी जवळ आली की तुमच्या पेपरात फराळ, मसाले, पणत्या करणाऱ्या बायकांबद्दल छापून येतं, वाचून खूप बरं वाटतं. पण लोगोचा विषय त्यात कधी येत नाही आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी तिथेच फसतात, म्हणून हे पत्र.

मी सहा वर्षं सांगलीत घरूनच भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकते. ओळखीतल्या एका डीटीपीवाल्या मुलाकडून लोगो करून घेतला, दीड हजार दिले. जात्याचं चित्र आणि खाली नाव, त्याने व्हॉट्सॲपवर जेपीजी पाठवला आणि मी खूश. दोन वर्षांनी पाऊच छापायला प्रेसमध्ये गेले, त्यांनी तो स्क्रीनवर मोठा करून दाखवला तर जात्याच्या कडा सगळ्या करवतीसारख्या, खुंटा म्हणजे नुसता काळा डाग आणि नावातलं जोडाक्षर चिकटून गोळा झालेला. म्हणाले, ताई, कोरलची ओपन फाइल आणा, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाइल, जी मोठी केली तरी फाटत नाही. मुलाला फोन केला तर तो म्हणतो फाइलचे पैसे वेगळे, आणि वर हेही कळलं की तेच जातं त्याने दुसऱ्या एका पापडवाल्या ताईंनाही लावून दिलंय!

खूप रडले त्या दिवशी. मग ट्रेडमार्कचं, म्हणजे मालाचं नाव-लोगो सरकारदरबारी आपल्या नावावर नोंदवायचं काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सांगितलं की 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन लोगो करून घेतला तरी हक्क साधारणपणे काढणाऱ्याकडेच राहतो, त्याने सही करून लेखी दिला तरच आपला होतो, आणि त्या कागदावर मुदत घातली नसेल तर तो 5 वर्षांपुरताच धरतात. एवढी साधी गोष्ट, पण मी आजवर जी काही ट्रेनिंगं केली तिथे कोणी बोललं नाही. फूड लायसन्सचं सांगतात, पाकिटावर 14 आकडी नंबर कुठे टाकायचा ते सांगतात, लोगोचं मात्र "मोबाइलवर टेम्प्लेट घ्या" इतकंच. अहो, तेच टेम्प्लेट उद्या समोरच्या दुकानाच्या बोर्डावरही दिसणार ना.

यावेळी अक्षरं काढणाऱ्या एका मुलीकडे गेले. तिने चित्र काढलंच नाही, नावच हाताने लिहिलं, शिरोरेघ जराशी जाड आणि वेलांटी अशी वळवली की सांडगी मिरचीचा देठ वाटावा. शंभर ग्रॅमच्या पाकिटावरही स्वच्छ वाचता येतं. कमल शेडगे नाटकांची नावं अशी काढायचे की अक्षरांवरूनच नाटक कसलं ते कळायचं, एवढी ताकद आपल्या लिपीत आहे आणि आपण मात्र मेतकुटाचं नाव इंग्रजीत छापतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. ओपन फाइल आणि सहीचा कागद हातात आल्यावरच उरलेले पैसे दिले.

नंतर ट्रेडमार्कचा अर्ज केला. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन एका क्लासचे, म्हणजे मालाच्या एका गटाचे, 4,500 रुपये लागतात. मसाले 30 नंबरच्या क्लासमध्ये येतात, लोणचं 29 मध्ये, म्हणजे दोन्ही करत असाल तर दुप्पट. नोंदणी झाली की 10 वर्षं चालते, मग रिन्यू करायची. आणि नाव निवडताना "घरगुती मसाले" असलं फक्त मालाचं वर्णन करणारं ठेवू नका, त्याची नोंदणी मिळणं फार अवघड. अर्ज करून ठेवला की नावाशेजारी टीएम (ट्रेडमार्क) लावता येतं, पण गोलातला आर, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, नोंदणी झाल्याशिवाय लावायचा नाही, कायद्याने मनाई आहे. माझ्या ओळखीतल्या दोघींनी शोभेला म्हणून लावलाय, त्यांना परवाच सांगितलं.

माझी विनंती एवढीच की यंदा फराळाच्या पुरवणीत अर्धं पान या विषयाला द्या. एखाद्या ट्रेडमार्क वकिलांना आणि एखाद्या प्रेसवाल्यांना लिहायला सांगा आणि डिझाइनरकडून सही घ्यायच्या कागदाचा मराठी नमुना छापा. ऑर्डरी सुरू व्हायच्या आत आला तर फार उपयोग होईल.

आपली,
एक मसालेवाली, सांगली