राहू की जाऊ

प्रिय मित्रा,

‘राहू की जाऊ’ असं विचारणारं तुझं पत्र आलं त्याच दिवशी दोनदा वाचलं. उत्तराला आठ दिवस लागले, कारण पहिल्या रात्री जे लिहिलं तो नुसता सल्ला होता, आणि सल्ला देणारे तुला सध्या पुष्कळ भेटताहेत. तो कागद फाडून टाकला.

तू पानाच्या मधोमध रेघ ओढून दोन रकाने केलेस. डावीकडे ‘राहिलो तर’, उजवीकडे ‘गेलो तर’. डावीकडे लिहिलंस: इथंच गंजून जाईन, बरोबरीचे पुढे निघून जातील, आणखी दहा वर्षांनी कोणी विचारणार नाही. उजवीकडे: नवी जागा मानवली नाही तर, परतीची वाट बंद, घरच्यांची फरफट. तुझ्या लक्षात आलं का, त्या अख्ख्या पानावर तुला हवी असलेली एकही गोष्ट नाही. या बाजूला भीती, त्या बाजूलाही भीतीच. कुठली जास्त वजनदार, एवढंच तू रात्र रात्र तोलत बसला आहेस. अशा तोलण्यातून निघालेल्या उत्तरावर तू राहिलास काय किंवा गेलास काय, भीती तुझ्या मानगुटीवर तशीच बसलेली असेल.

पानाच्या तळाशी एक ओळ तू खोडली आहेस. तिच्याकडे नंतर येतो.

लोकांची एक सोपी समजूत असते. काहींना वाटतं, जो निघतो तो धाडसी आणि जो राहतो तो भित्रा. काहींना बरोबर उलट वाटतं, टिकतो तो खरा आणि निघतो तो पळपुटा. मला आता दोन्ही पटत नाही. माझी ती पहिली नोकरी तुला आठवत असेल. राजीनामा दिला तेव्हा तू पाठ थोपटून म्हणाला होतास, छाती लागते याला. खरं काय झालं होतं ते तुला इतकी वर्षं सांगितलं नाही, आज सांगतो. माझ्या कामातल्या चुका दोनदा सगळ्यांदेखत निघाल्या होत्या. चुका खऱ्या होत्या. तिसऱ्यांदा निघतील या धास्तीनं रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. राजीनामा त्या गोळ्यानं लिहिला, मी त्याला स्वाभिमान असं नाव दिलं. नव्या ठिकाणी सहा महिने बरे गेले. मग तीच रविवारची संध्याकाळ, तोच गोळा. मी जिथून पळालो होतो ते माझ्याबरोबरच आलं होतं.

दुसरी वेळ तुला ठाऊक आहे, पण बाहेरून. ज्या छोट्या कामात आम्ही सहा जण होतो त्याचा आधार गेला, चौघं एकेक करून निघून गेले, मलाही दुसरीकडून बोलावणं आलं. मी राहिलो. घाबरलाय, असं सगळे म्हणाले. आठवडाभर मलाही तेच वाटत होतं. मग एक गोष्ट ध्यानात आली. जाण्याचा विचार केला की हायसं वाटायचं. राहण्याचा केला की छातीत धस्स व्हायचं. आणि तरीही मन परत परत राहण्यापाशीच जाऊन बसायचं. हायसं वाटणं म्हणजे योग्य उत्तर असं मी तोवर धरून चाललो होतो. ते खरं नाही. पळून गेल्यावरसुद्धा हायसंच वाटतं.

पुढे काय झालं ते तू पाहिलंसच. दोन वर्षं ओढाताणीची गेली आणि काम शेवटी बंद पडलंच. मी राहिलो म्हणून ते वाचलं नाही. पण त्या दोन वर्षांचा पस्तावा मला एकदाही झालेला नाही, आणि त्या राजीनाम्याचा अजून होतो.

म्हणून ‘श्रद्धा ठेव’ असं जेव्हा मी तुला म्हणतो, तेव्हा ‘सगळं चांगलंच होईल’ असं मला म्हणायचं नसतं. ते कोण सांगू शकणार? हा शब्द श्रत् आणि धा यांतून आला आहे, आणि निघंटूत, म्हणजे त्या जुन्या वैदिक शब्दसंग्रहात, श्रत् हा सत्याचा एक पर्याय म्हणून दिला आहे. सत्य मानून त्यावर स्वतःला ठेवणं. मी देव मानतो. तू मानतोस की नाही यावर आपण किती रात्री जागवल्यात! तो वाद इथं नको. पण तुलाही काहीतरी खरं वाटत असेलच, जे तुझ्या हरण्यानं खोटं ठरणार नाही. माझ्यापुरतं ते असं: जे होईल त्यात मी एकटा असणार नाही. यापेक्षा मोठी हमी मला कधी मिळालेली नाही.

तुझ्या तराजूबद्दलही एक सांगतो. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिलं की हातचं गमावण्याचं दुःख माणसाला तेवढंच मिळवण्याच्या सुखापेक्षा जास्त जड वाटतं. १९९२ च्या त्यांच्या लेखात हा आकडा साधारण सव्वादोन पट निघाला होता. तुझं पान बघताना मला हे सारखं आठवत होतं. जे सुटेल ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे, त्याला चेहरे आहेत. जे मिळेल ते अजून घडलेलंच नाही. ते त्या पानावर येणार तरी कसं?

एक गोष्ट मात्र वेगळी काढतो, कारण तिच्यावरून मला फार चीड येते. जिथं अंगावर हात टाकला जातो, जिवाला किंवा पोराबाळांना धोका असतो, तिथं भीतीचं ऐकायचं आणि त्याच रात्री निघायचं. अशा घरांत ‘श्रद्धा ठेवा, सोसा’ असं सांगून माणसांना, त्यातही बायकांना, बसवून ठेवलं गेलंय. ती श्रद्धा नव्हे. तुझं तसं नाही, हे तुझ्या पत्रावरून स्पष्ट आहे. तुझी भीती उद्याची आहे, समोर उभ्या असलेल्या कशाची नाही.

आता जरा टोचेल असं विचारतो. तू मला ‘काय करू’ म्हणून विचारलं आहेस, पण आधीच ठरवून तर टाकलं नाहीस? बायबलमध्ये यिर्मयाच्या ग्रंथात बेचाळिसावा अध्याय आहे. यरुशलेम पडलेलं, बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजानं नेमलेल्या अधिकाऱ्याचा खून झालेला, आणि मागे उरलेले लोक सूड उगवला जाईल या भयानं मिसरकडे, म्हणजे इजिप्तकडे, निघायच्या बेतात. ते यिर्मया संदेष्ट्याला गाठून म्हणतात, देवाला विचार, बरं असो वाईट असो, तो सांगेल तसं आम्ही करू. उत्तर दहा दिवसांनी येतं: इथंच राहा, त्या राजाला भिऊ नका. त्यावर ते म्हणतात, तू खोटं बोलतोस. आणि मिसरला जातात, संदेष्ट्यालाही सोबत घेऊन. मला त्यात ते दहा दिवस सगळ्यात जास्त भिडतात. त्या दहा दिवसांत त्यांच्यातला एक तरी जण खरोखर वाट पाहत असेल का? तू दहा दिवस खरोखर वाट बघ. उत्तर तुला नको असलेलं येऊ शकतं, हे मनाशी धरून बघ. आणि रात्री ठरवू नकोस. रात्री तू फार वाईट वकील असतोस, स्वतःचाच.

गीतेतला अर्जुन मला अलीकडे वेगळा दिसायला लागलाय. त्याला रणांगण सोडायचं आहे आणि कारणं सगळी उदात्त आहेत: कुळाचा नाश, गुरुजनांची हत्या, पाप. पण त्या कारणांच्या आधी तो शरीराचं सांगतो. तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातातून गांडीव निसटतंय. म्हणून त्याची कारणं खोटी ठरत नाहीत, पण ती सगळी थरथरत्या अंगानं सुचलेली आहेत. आणि अठरा अध्याय सगळं सांगून झाल्यावर कृष्ण काय म्हणतो? याचा पूर्ण विचार कर आणि तुला हवं तसं कर. ‘यथेच्छसि तथा कुरु.’ एवढं सांगणाऱ्यानंसुद्धा निर्णय ओढून घेतला नाही. मग मी कोण?

आता ती खोडलेली ओळ. पेन दाबून लिहायची तुझी सवय आहे, त्यामुळे ती वाचता आली. ‘तिथं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल.’ उजव्या रकान्याखाली आहे, म्हणजे तूही ती भीती म्हणूनच लिहायला घेतली असणार. पण बाकीची एकही भीती तू खोडली नाहीस. हिलाच का खोडलीस? माझा एक अंदाज आहे, तो लिहीत नाही. माझा अंदाज चुकू शकतो, आणि तुझ्या डोक्यात तो आधीच शिरला तर तुझं उत्तर तुझं राहणार नाही.

दहा दिवसांनी फोन कर. मी कुठंही असलो तरी उचलेन.

तुझाच,
जुना मित्र