जुन्या पोस्टाची भिंत

महोदय,

मुलीकडे अमेरिकेत केंटकी राज्यात गेलो होतो तेव्हा डॅनव्हिल पाहिलं. तिथल्या जुन्या पोस्टाच्या भिंतीवर ‘सी६एच०’ रंगवलंय. मला वाटलं रसायनाचं सूत्र. तर तो फुटबॉल सामन्याचा निकाल: डॅनव्हिलचं सेंटर कॉलेज ६, हार्वर्ड विद्यापीठ ०! २९ ऑक्टोबर १९२१. (फुटबॉल अमेरिकी, चेंडू हातात घेऊन पळायचा.) आदल्या वर्षी याच हार्वर्डनं सेंटरला ३१-१४ असं धुतलं होतं. या वेळी सेंटरचा बो मॅकमिलिन चेंडू घेऊन ३२ यार्ड पळाला, तेवढ्यावर सामना जिंकला. मोसमातला शेवटचा सामना ते टेक्सास ए अँड एम या कॉलेजकडून हरले, तरी भिंत तशीच आहे. मी हात लावून पाहिला. आमच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या खो-खो मुलींनाही क्रीडापानावर चार ओळी द्या.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा